मुद्रेची जागा

मी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीसुद्धा उलटी. लोक दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून सांगतात. मी माझी वस्तू दुसऱ्याची म्हणून सांगितली. त्यात कोणाचं काही गेलं नाही, अशी मी पुढची दोन वर्षं स्वतःची समजूत घालत होते. समजूत पटत नव्हती. आजही कुठे सकाळच्या मैफलीत जौनपुरी रागाचे पहिले सूर लागले की मला ती दोन वर्षं आठवतात.

आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला. गुलाब, शेवंती, झेंडू. अण्णा पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे, आणि गुरुवारी-रविवारी मी ओल्या फडक्यात एक जुडी गुंडाळून गाण्याच्या शिकवणीला. गुरुजी रविवार कारंज्याजवळ भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायचे. त्यांचा आवाज तरुणपणीच बसला होता, त्यामुळे मोठे गवई म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पण बंदिशी अशा बांधायचे की पुण्या-मुंबईचे नावाजलेले गायक तो अंधारा जिना चढून त्यांच्याकडे शिकायला येत. मी त्यांची सगळ्यात शेवटची शिष्या. जेमतेम तीन वर्षं मिळाली मला. मग ते गेले.

ताई सगळ्यात थोरल्या. मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं. बावीस वर्षं त्या गुरुजींकडे शिकल्या आणि त्यातली निम्मी वर्षं त्यांचं औषधपाणीही त्यांनीच पाहिलं. गुरुजी स्वतः कधी काही लिहीत नसत. सुचलं की गायचे, आणि ताई लिहून घ्यायच्या. पुठ्ठ्याच्या नऊ वह्या होत्या. ताई एकदा मला सहज म्हणाल्या होत्या, "त्यांच्याकडे होतं ते सगळं या वह्यांत आहे बघ. त्यांनी माझ्यापासून काही ठेवलं नाही." फुशारकी नव्हती त्यात. दुसऱ्या बायका दागिन्यांबद्दल बोलतात, तसं बोलल्या होत्या.

गुरुजी भाद्रपदात गेले. दरवर्षी पुण्यतिथीला सकाळी ताईंच्या शाळेच्या सभागृहात आम्ही सगळे शिष्य जमायचो. प्रत्येकाने गुरुजींची एक बंदिश म्हणायची आणि एकाने घेतलेली दुसऱ्याने घ्यायची नाही, असा दंडक. ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरी करणारे आमचे एक गुरुबंधू यादी करायचे. कागद थोरल्यापासून धाकट्याकडे फिरायचा. तो माझ्यापर्यंत येईतो मला येणारी एकूण एक बंदिश कोणीतरी पटकावलेली असायची. ज्याच्याकडे बंदिश उरली नाही त्याने तंबोऱ्यावर बसायचं. पहिली दोन वर्षं मी मुकाट्याने तंबोरा छेडला.

तिसऱ्या वर्षी अण्णांनी घोळ केला. "आमची पोरगी यंदा गानार हाय," असं त्यांनी अख्ख्या शिवारात सांगून टाकलं. आई नवी साडी काढून बसली. आणि कागद माझ्याकडे आला तेव्हा नेहमीसारखंच, सगळं संपलेलं.

माझ्याकडे एक बंदिश होती. पण ती माझी होती.

ती मळ्यात झाली होती. गुलाब तोडायचे ते दव सुकायच्या आत, ऊन आलं की फूल मऊ पडतं. त्या घाईत हात चालायचे आणि तोंडाने मी काहीबाही गुणगुणत असायचे. कळी दवाला म्हणते, आजचा दिवस मला झाडावर राहू दे. दव म्हणतं, माझ्या आधी तुलाच जायचंय. एवढंच. चाल जौनपुरीत आपोआप येऊन बसली. आई दुसऱ्या टोकाच्या सरीतून मला हाक मारायची, घरचं नाव घेऊन, चांगलं लांबवून, आणि त्या हाकेच्या वजनावर अंतरा पुरा झाला. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत रचनाकाराने आपलं टोपणनाव गुंफायचं असतं, त्याला मुद्रा म्हणतात. मला मुद्रा नव्हती. मळ्यातल्या एकोणीस वर्षांच्या पोरीला कसली आलीय मुद्रा? ती चार मात्रांची जागा मी 'ना ना ना ना' म्हणून भरून काढायचे.

त्या कागदावर मी जौनपुरी लिहिलं. आणि पुण्यतिथीच्या सकाळी त्या चार मात्रांत गुरुजींची मुद्रा घालून गायले. ती तिथे इतकी चपखल बसली की मलाच दचकायला झालं.

बंदिश आवडली. तबल्यावरच्या गृहस्थांनी समेवर मान डोलावली. शेवटच्या रांगेत आई रडत होती, पण ती माझं शाळेचं बक्षीस पाहूनही रडायची. मी उठायला लागले तर पहिल्या रांगेतून ताईंनी विचारलं, "ही कधी दिली त्यांनी तुला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिथेच खरं बोलले असते तर फार तर हसले असते सगळे. यादीवाले गुरुबंधू रागावले असते, दंडक मोडला म्हणून. पण माझी जीभ आधीच कामाला लागली होती. मी म्हणाले, "शेवटच्या पावसाळ्यात, ताई. तुम्ही सिन्नरला गेला होतात तेव्हा."

ताई त्या पावसाळ्यात भावाच्या आजारपणात पंधरा दिवस सिन्नरला होत्या. परत आल्या आणि आठवड्याभरात गुरुजी गेले. बावीस वर्षांत त्यांच्या हातून निसटलेले ते पंधराच दिवस. आणि मी नेमका तिथेच हात घातला. तेव्हा मला ते कळलंसुद्धा नाही. खोटं पचलं, एवढंच कळलं.

"अस्सं," ताई म्हणाल्या. "मला शिकवशील?"

गुरुजी गेल्यापासून मी गुरुवारी ताईंच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर शिकायला जायचे; पुढच्या गुरुवारीही गेले. ताईंनी तंबोरा लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः समोर सतरंजीवर मांडी घालून वही उघडून बसल्या. एक-एक ओळ मी सांगायची आणि त्यांनी घ्यायची. मुखड्यातच त्या थांबल्या.

"इथे मध्यमावरून एकदम निषाद?"

"हो."

"त्यांनी घेतला? असा?"

"हो, ताई."

"आम्हाला तर अशा उड्या मारल्या की ओरडायचे." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, पुन्हा काढली. "बरं. घेतला असेल. शेवटी शेवटी मोकळे झाले असतील."

आणि त्यांनी तो निषाद वहीत लिहिला. नऊ वह्यांतल्या नवव्या वहीत, गुरुजींच्या बंदिशींच्या रांगेत, माझी उडी. मी घरी आले ती तापाने फणफणून. आईने दृष्ट काढली. दृष्ट काढून जाण्यासारखं ते नव्हतं.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि माझं धाबंच दणाणलं. गुरुजींचा फोटो ताईंच्या बाहेरच्या खोलीत होता. मी नेलेली फुलं ताई आधी फोटोला वाहायच्या, नमस्कार करायच्या, मगच रियाजाला बसायच्या. आता त्या जुडी घेऊन सरळ स्वयंपाकघरात जात आणि ओट्यावर स्टीलच्या पेल्यात ठेवून देत. फोटोला जुनाच हार, वाळलेला. मी मनात म्हटलं, संपलं. यांना संशय आलाय. माझ्या हातची फुलं आता यांना गुरुजींना वाहवत नाहीत. दर गुरुवारी जिना चढताना मी ठरवायचे, आज पेला दिसला तर सांगून टाकायचं. पेला दिसायचा. मी चहा पिऊन परत यायचे.

मग बातम्या यायला लागल्या. ताई पन्नाशीला आल्या होत्या आणि तोवर नाशिकबाहेर त्यांना कोणी फारसं बोलावलं नव्हतं. त्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या महोत्सवात सकाळच्या सत्रात त्यांना वीस मिनिटं मिळाली आणि त्यांनी माझी जौनपुरी गायली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, फोटोसकट. नाशिकच्या अज्ञात रचनाकाराची अप्रकाशित बंदिश, शेवटच्या दिवसांतली, त्यात मृत्यूची चाहूल आहे वगैरे. मृत्यूची कसली, गुलाबाच्या तोडणीची होती ती! हसू यायला हवं होतं. मी तो पेपर घडी घालून गादीखाली ठेवला आणि आठ दिवस त्यावर झोपले, जणू तेवढ्याने शहरातल्या बाकीच्या प्रती नाहीशा होणार होत्या.

पुण्यामागून कोल्हापूर झालं, मग मुंबईला दोनदा. कॅसेट निघाली, पहिल्या बाजूला जौनपुरी. प्रत्येक बातमी ताई मला आधी सांगायच्या, शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवून. त्या आनंदाने सांगायच्या आणि इकडे मला धास्ती वाटायची, कारण प्रत्येक बातमीबरोबर खोट्याची उंची वाढत होती. आता ते कोसळलं तर एकटी मी सापडणार नव्हते. त्याखाली ताई होत्या.

एकदा रेडिओवर ती लागली तेव्हा आई ओसरीत हार ओवत होती. ती सुई थांबवून ऐकत राहिली.

"हे तं तुझंच हाय की. तोडनीला म्हनायचीस ते."

"आई, कुणाला बोलू नको."

"का? चोरलं का तू?"

"नाही गं."

"मंग?"

आईने पुन्हा सुई चालवायला घेतली आणि म्हणाली, "पर ते शेवटाला नाव गुरुजींचं का घेती ती बाई?" जी कधी सारेगम शिकली नाही त्या बाईला एका ऐकण्यात कळलं होतं. तेव्हापासून मला आईचीही भीती वाटायला लागली. ताई कधी मळ्यावर यायच्या म्हणाल्या की मी काहीतरी कारण सांगायचे. कुत्रं चावकं आहे, म्हणून सांगितलं एकदा. आमच्याकडे कुत्रं नव्हतं.

पाचव्या पुण्यतिथीला गुरुजींच्या बंदिशींचं पुस्तक काढायचं ठरलं. नऊ वह्या, स्वरलिपीसकट. ओझरचे गुरुबंधू शिस्तीचे, प्रत्येक बंदिशीखाली ती कोणाला, कधी दिली याची टीप हवी म्हणून हटून बसले. श्रावणात ताईंचा निरोप आला, मुद्रितं आली आहेत, तुझं पान तपासून जा.

मी दुपारी जुडी घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा, त्यावर वजन म्हणून तबल्याची हातोडी. ताईंनी पान काढून पुढे सरकवलं. छापलेलं होतं सगळं. माझी कळी, माझं दव, तो निषाद. अंतऱ्यात गुरुजींची मुद्रा. आणि खाली बारीक टाइपात: ही रचना त्यांनी अखेरच्या पावसाळ्यात सर्वांत धाकट्या शिष्येस दिली.

छापलेलं खोटं बोललेल्या खोट्यापेक्षा फार निराळं दिसतं. ते आता माझ्यानंतरही राहणार होतं. पन्नास वर्षांनी कोणी पोरगी ते पान उघडून बसेल आणि गुरुजींच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचार करत राहील. मी खुर्ची धरली.

"चूक आहे?" ताईंनी विचारलं.

"ताई, ही गुरुजींची नाही."

"म्हणजे?"

"माझी आहे. मी केली. यादीत काही उरलं नव्हतं म्हणून त्यांची मुद्रा घातली. त्यांनी मला शेवटच्या पावसाळ्यात काहीच दिलं नाही. झोपूनच असायचे ते. मी फुलं ठेवून परत यायचे."

एका दमात बोलले. आता ताई उठतील, मला दाराबाहेर काढतील, ओझरला फोन करतील, सगळं सगळं मी मनात पाहून ठेवलं होतं दोन वर्षं. ताईंनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या,

"म्हणजे त्यांनी माझ्यापासून काही ठेवलं नव्हतं."

आणि त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी गुरुजी गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत रडत होत्या, आणि मी खुर्चीची पाठ धरून उभी. मला वाटत होतं माझ्या खोटेपणाबद्दल रडतायत. तसं नव्हतं ते.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्यांना नमस्कार केला नाही. बावीस वर्षं सगळं केलं त्यांचं, आणि पंधरा दिवस मी नव्हते तर त्यांनी सगळ्यात सुंदर ती दुसऱ्या कोणाला दिली, असं वाटायचं. गायचे मी ती. लोक टाळ्या वाजवायचे, आणि मला वाटायचं, मला नाही दिली. मी नव्हते म्हणून रागावले असतील, रागातच गेले असतील."

तेव्हा मला तो पेला समजला. मी दर गुरुवारी त्या पेल्याकडे बघून फक्त स्वतःसाठी घाबरत होते. त्या बाईला माझा संशय कधी आलाच नव्हता. ती इतकी सरळ होती की तिने मला सोडून गुरूवर संशय घेतला. आजवर मला जी काही शरम वाटली असेल ती सगळी एकत्र केली तरी त्या दुपारइतकी भरणार नाही.

ताई उठल्या, ओट्यावरचा पेला उचलून बाहेरच्या खोलीत गेल्या. वाळका हार काढला. मी आणलेले गुलाब एकेक करून फोटोला खोचत राहिल्या. मग वळल्या, आणि तेव्हा मात्र रागावल्या. असं रागावणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. काय काय बोलल्या ते लिहीत नाही. सगळं खरं होतं. शेवटी दम लागला तशा खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "दवाच्या आधी कळी जाते म्हणे! मला तिथेच कळायला हवं होतं. त्या माणसाने फुलं फक्त हारात पाहिलेली." त्यांनी लाल पेन्सिलने पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारली. "यादीवाल्यांना मी सांगते, खात्री नाही म्हणून. तू तोंड उघडू नकोस. तुझं उघडलं की काय होतं ते पाहिलंय."

पुस्तक त्या पानाशिवाय निघालं. प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. ताई गाणार होत्या आणि त्यांनी मागे तंबोऱ्यावर मला बसवलं होतं. पाचव्या रांगेत आई-अण्णा. मला वाटलं होतं, पानाबरोबर बंदिशही गेली, आता कोणी तिचं नाव काढणार नाही. पण ताईंचं पहिलं गाणं संपताच मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, ती पुण्याची जौनपुरी!" मग आणखी दोघं-तिघं. ओझरचे गुरुबंधू पहिल्या रांगेत, मांडीवर नवं कोरं पुस्तक, आणि ते अनुक्रमणिका चाळायला लागले.

ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. माइककडे झुकून एवढंच म्हणाल्या, "पुस्तकात शोधू नका. ती त्यांची नाही, हे मला उशिरा कळलं. ज्याची आहे त्याने अजून मुद्रा घातलेली नाही." आणि मुखडा उचलला.

मध्यमावरून निषाद, सरळ उडी. मग अंतरा. शेवटची ओळ आली, आणि मुद्रेच्या जागी ताई गप्प झाल्या. चार मात्रा नुसता तबला आणि तंबोरा. मग पुढचे शब्द घेऊन त्या समेवर आल्या. लोकांना ती लकब वाटली, कोणीतरी वाहवा केली. ताईंनी तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथे थांबल्या आणि या वेळी मान किंचित माझ्याकडे वळवली. माझ्या लक्षात आलं. त्या चार मात्रा कधी संपतात असं झालं मला. संपल्या.

तिसऱ्यांदा ओळ आली. मी पाचव्या रांगेकडे पाहिलं. आई पदराला हात पुसत होती, काही नसताना, सवयीने. जागा आली आणि मी तोंड उघडलं. दुसरं काही तयारच नव्हतं माझ्याकडे, म्हणून आई मळ्याच्या त्या टोकावरून मारायची तीच हाक, माझं घरचं नाव, तितकंच लांबवून, चार मात्रांत घातलं. आवाज चिरकला. पाचव्या रांगेत आई दचकून उठून उभी राहिली आणि अण्णांनी तिला पदराला धरून खाली बसवलं. ताई समेवर आल्या.

पडद्यामागे मी कोपऱ्यात उभी राहिले, लोक जाईपर्यंत. ताई शाल खांद्यावर टाकत आल्या आणि माझ्यापुढे थांबल्या.

"नाव बेसूर लागलं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी ये. पन्नास वेळा घोटून घेऊ."

दुसऱ्या दिवशी मी दोन जुड्या घेऊन गेले, एक फोटोसाठी, एक ताईंसाठी.